परजीवींसाठी विष्ठापरीक्षा

मानवाच्या आतड्यात राहणाऱ्या परजीवींचे (दुसऱ्या जीवाच्या शरीरात वा शरीरावर राहून त्याच्यावर उपजीविका करणाऱ्या जीवांचे) अस्तित्व व प्रकार ओळखण्यासाठी विष्ठेची जी प्रयोगशालेय तपासणी करतात, तिला परजीवींसाठी विष्ठापरीक्षा म्हणतात. या परजीवींचे दोन मुख्य गट आहेत : (१) प्रजीव म्हणजे एकाच पेशीचे बनलेले सूक्ष्म प्राणी; उदा., अमीबा, जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम, (२) कृमी, उदा., जंत (ॲस्कारिस), अंकुशकृमी, चाबूककृमी, पट्टकृमी. प्रजीवांच्या बाबतीत विष्ठेत त्यांची हालचाल करणारी सक्रिय अवस्था किंवा कठीण कवच धारण केलेली पुटी-अवस्था शोधतात. कृमींच्या बाबतीत बहुधा अंडी, क्वचित अळ्या, पट्टकृमीचे खंड किंवा सबंध कृमी सापडतात.

सूक्ष्मदर्शकाखालील साध्या परीक्षेस काही मिनिटे पुरतात आणि अलीकडे पट्टीवरील शीघ्र परीक्षाही उपलब्ध झाल्या आहेत. तथापि परीक्षेचा वेग आणि तिची विश्वसनीयता या भिन्न गोष्टी होत. नमुना केव्हा व कसा घेतला, कोणत्या परजीवीचा संशय आहे आणि त्यास अनुरूप पद्धत निवडली आहे की नाही, यांवरच निष्कर्षाचे मोल अवलंबून असते.

इतिहास : १६८१ मध्ये डच सूक्ष्मदर्शकविद लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या पातळ विष्ठेत हालचाल करणारे सूक्ष्म प्राणी पाहिले. त्यांच्या वर्णनावरून ते जिआर्डिया असावेत असे मानतात. १८५९ मध्ये प्राग येथे लांब्ल यांनी त्याच प्राण्याचे वर्णन केले. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे लोश यांनी आव पडणाऱ्या एका रोग्याच्या विष्ठेत अमीबा दाखवून दिला. अंकुशकृमीचा शोध इटालियन वैद्य दुबिनी यांनी १८३८ मध्ये मिलान येथे शवविच्छेदनाच्या वेळी लावला होता. परंतु रोगी जिवंत असताना विष्ठेतील अंड्यांवरून या कृमीचे निदान करता येते, हे १८७८ मध्ये ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. त्यानंतर थोड्याच काळात आल्प्स पर्वतातील सेंट गॉटहार्ड बोगद्याच्या कामावरील मजुरांना जडलेल्या तीव्र रक्तक्षयाचे कारण अंकुशकृमी असल्याचे १८८० मध्ये पेरोनचितो यांनी सिद्ध केले. तेव्हापासून विष्ठापरीक्षेला सार्वजनिक आरोग्याच्या कार्यात स्थान मिळाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विलिस (१९२१), स्टॉल (१९२३), फाउस्ट (१९३८) व रिची (१९४८) यांनी अंडी व पुटी विरळ असतानाही सापडाव्यात म्हणून निरनिराळ्या पद्धती प्रचारात आणल्या.

नमुना : विष्ठा स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या व घट्ट झाकणाच्या डबीत घेतात. डबी निर्जंतुक असण्याची आवश्यकता नसते. मात्र विष्ठेत मूत्र वा पाणी मिसळता कामा नये. मूत्राने प्रजीवांची सक्रिय अवस्था नष्ट होते, तर पाण्यात मुक्तपणे राहणारे अन्य सूक्ष्मजीव असल्यास त्यांमुळे तपासणाऱ्याची दिशाभूल होते. रक्त वा श्लेष्मा (आव) दिसत असल्यास तेवढा भाग निवडून तपासणे महत्त्वाचे असते.

अमीबाची सक्रिय अवस्था शरीराबाहेर फार वेळ टिकत नाही. म्हणून पातळ विष्ठा बाहेर पडल्यापासून सुमारे अर्ध्या तासात व मऊ विष्ठा सुमारे एका तासात तपासावी लागते. घट्ट विष्ठेत बहुधा पुटी व अंडीच असल्याने ती त्याच दिवशी तपासली तरी चालते. विलंब अटळ असल्यास नमुना १०% फॉर्मॅलिनसारख्या परिरक्षक द्रावात ठेवतात. नमुना तसाच दिवसभर राहिल्यास अंकुशकृमीची अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि स्ट्राँगिलॉइडीस या दुसऱ्या कृमीच्या अळ्यांशी त्यांची गल्लत होते. दोहोंतील भेद मुखगुहेच्या लांबीवरून करतात : अंकुशकृमीच्या अळीची मुखगुहा लांब, तर स्ट्राँगिलॉइडीसच्या अळीची आखूड असते.

जुलाब थांबविणारी औषधे, खनिज तेल, बिस्मथ, क्ष-किरण तपासणीसाठी दिलेले बेरियम, तसेच काही प्रतिजैविके यांच्या सेवनानंतर एक ते दोन आठवडे परजीवी सापडणे कठीण होते. म्हणून नमुना औषधोपचार सुरू करण्यापूर्वीच घेणे इष्ट असते. पुटी व अंडी दररोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नसल्यामुळे सुमारे दहा दिवसांच्या अवधीत निरनिराळ्या दिवशी घेतलेले तीन नमुने तपासण्याचा प्रघात आहे.

प्रत्यक्ष परीक्षा : काचपट्टीच्या एका टोकास लवण-द्रावाचा (०·८५% मिठाच्या पाण्याचा) व दुसऱ्या टोकास ल्यूगॉल आयोडीन द्रावाचा थेंब ठेवतात. प्रत्येकात काडीच्या टोकावर मावेल एवढी, म्हणजे सुमारे २ मिग्रॅ., विष्ठा मिसळून त्यावर आच्छादक काच ठेवतात. काचपट्टीखालील छापील अक्षरे वाचता येतील इतका थर पातळ असावा. लवण-द्रावात सक्रिय अवस्थेची हालचाल दिसते; आयोडिनाने ती थांबते, परंतु पुटीतील केंद्रके स्पष्ट होतात. एंटअमीबा हिस्टॉलिटिकाच्या पक्व पुटीत चार केंद्रके असतात, तर निरुपद्रवी एंटअमीबा कोलायच्या पुटीत ती आठपर्यंत असतात. जंताच्या फलित अंड्यावर खडबडीत तपकिरी आवरण असते. चाबूककृमीचे अंडे पिंपाच्या आकाराचे असून त्याच्या दोन्ही टोकांस पारदर्शक बुचे असतात. अंकुशकृमीच्या अंड्याचे कवच पातळ व पारदर्शक असते. ही सर्व अंडी साधारणपणे ५० ते ७५ मायक्रोमीटर लांबीची असतात, तर क्रिप्टोस्पोरिडियमच्या पुटी केवळ ४ ते ६ मायक्रोमीटर आकारमानाच्या असून साध्या परीक्षेत त्या सहसा ध्यानात येत नाहीत.

या परीक्षेस दहा मिनिटेही लागत नाहीत. परंतु तिची मर्यादा साध्या गणिताने ध्यानात येते. जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लक्ष अंडी घालते. दिवसाची विष्ठा २०० ग्रॅ. धरल्यास एका मादीमागे दर ग्रॅममागे १,००० आणि २ मिग्रॅ. विष्ठेच्या काचपट्टीत सरासरी दोन अंडी येतात. याउलट निकेटर अमेरिकॅनस या अंकुशकृमीची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. म्हणजे दहा ते वीस काचपट्ट्यांमागे एखादे अंडे मिळेल. त्यामुळे मोजक्याच अंकुशकृमींचा उपद्रव असलेल्या रोग्याची एकच काचपट्टी तपासून ‘परजीवी आढळले नाहीत’ असे कळविल्यास त्या विधानाला फारसा अर्थ उरत नाही.

संहतीकरण पद्धती : विष्ठेच्या मोठ्या भागातील अंडी व पुटी एकत्र गोळा करण्याच्या पद्धतींना संहतीकरण पद्धती म्हणतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. (१) प्लवन पद्धती : मिठाच्या संपृक्त द्रावात (वि. गु. सुमारे १·२०) विष्ठा कालवून नळी काठोकाठ भरतात व तिच्यावर काच ठेवतात. हलकी अंडी वर येऊन काचेस चिकटतात. विलिस यांची ही पद्धत स्वस्त असून अंकुशकृमीच्या अंड्यांसाठी उत्तम आहे. जंताची अफलित अंडी व झाकण असलेली पर्णकृमींची अंडी मात्र वर येत नाहीत. पुटींसाठी फाउस्ट यांनी जस्त सल्फेटाचा द्राव (वि. गु. १·१८) सुचविला. (२) अवसादन पद्धती : रिची यांच्या पद्धतीत सुमारे १ ग्रॅ. विष्ठा फॉर्मॅलिनात मिसळून गाळतात, तीत ईथर घालून हलवितात व मिश्रण केंद्रोत्सारक यंत्रात फिरवितात. नळीत वरून खाली ईथर, मळाचा थर, फॉर्मॅलीन आणि तळाशी अंडी व पुटी असलेला गाळ असे चार थर होतात. बहुतेक सर्व अंडी व पुटी या पद्धतीने सापडतात. ईथर ज्वालाग्राही असल्यामुळे त्याऐवजी एथिल ॲसिटेट वापरण्याची रीत १९७९ नंतर रूढ झाली.

अंडी-गणना : कृमींच्या उपद्रवात केवळ कृमी आहेत की नाहीत, एवढे कळून भागत नाही, त्यांची संख्याही महत्त्वाची असते. क्रोमियम–५१ या किरणोत्सर्गी समस्थानिकाने रक्तपेशी चिन्हित करून केलेल्या मापनांवरून निकेटरचा एक कृमी दिवसाला सुमारे ०·०३ मिलि., तर ॲन्किलोस्टोमा ड्युओडिनेलचा एक कृमी सुमारे ०·१५ मिलि. रक्त वाया घालवितो, असे दिसून आले. म्हणजे पाचदहा कृमींनी फारसा फरक पडत नाही, परंतु काहीशे कृमी असल्यास अपुरा आहार घेणाऱ्या स्त्रीला वा मुलाला तीव्र रक्तक्षय होतो.

गणनेसाठी काटो–काट्झ पद्धत सर्वत्र वापरतात. मूळ जपानी पद्धतीत ब्राझीलमधील काट्झ व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सुधारणा केली. ठराविक छिद्र असलेल्या पट्टीने ४१·७ मिग्रॅ. विष्ठा मोजून घेतात व ग्लिसरिनात भिजविलेल्या सेलोफेनच्या तुकड्याखाली ती दाबतात. मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणले असता दर ग्रॅममागील संख्या मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार अंकुशकृमीची दर ग्रॅममागे ४,००० व त्याहून अधिक, चाबूककृमीची १०,००० व त्याहून अधिक आणि जंताची ५०,००० व त्याहून अधिक अंडी आढळल्यास उपद्रव तीव्र समजतात. ग्लिसरिनामुळे अंकुशकृमीची अंडी लवकरच पारदर्शक होऊन दिसेनाशी होतात; म्हणून काचपट्टी अर्ध्या ते एका तासाच्या आत तपासावी लागते.

विशेष पद्धती : काही परजीवींसाठी नेहमीची परीक्षा अपुरी पडते. सूतकृमीची (एंटेरोबियसाची) मादी रात्री गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर अंडी घालते. ती विष्ठेत क्वचितच सापडतात. म्हणून सकाळी शौचापूर्वी व स्नानापूर्वी पारदर्शक चिकटपट्टी तेथे दाबून ती काचपट्टीवर चिकटवितात. क्रिप्टोस्पोरिडियमासाठी क्षयजंतूंच्या रंजनक्रियेसारखी, परंतु सुधारलेली, अम्लरोधी रंजनक्रिया वापरतात. स्ट्राँगिलॉइडीसच्या अळ्यांसाठी त्या कोमट पाण्याकडे आकर्षित होतात, या गुणावर आधारलेली बेरमान पद्धत किंवा आगर-संवर्धन करतात. हा कृमी शरीरात स्वतःची संख्या वाढवू शकतो. दमा, संधिवात इ. विकारांसाठी कॉर्टिकोस्टेरॉइड औषधे दिल्यास त्याच्या अळ्या सर्व शरीरात पसरून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून संशय असल्यास ही परीक्षा अशा उपचारापूर्वीच करावी लागते.

शीघ्र परीक्षा : या परीक्षांत परजीवी प्रत्यक्ष न पाहता त्याची विशिष्ट प्रथिने (प्रतिजने) शोधतात. द्रावात मिसळलेली विष्ठा पट्टीच्या एका टोकास टाकली असता ती पट्टीतून पुढे सरकते. वाटेत सुवर्णाच्या सूक्ष्म कणांना जोडलेली प्रतिपिंडे प्रतिजनास चिकटतात व पुढे रेषेच्या रूपात बसविलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडांपाशी अडकून रंगीत रेषा उमटते. दुसरी, नियंत्रक रेषा पट्टी ठीक असल्याचे दर्शविते. ती न उमटल्यास परीक्षा रद्द समजतात. सर्व क्रिया साधारणपणे १० ते १५ मिनिटांत पूर्ण होते. जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम व एंटअमीबा हिस्टॉलिटिका यांसाठी अशा पट्ट्या मिळतात. सूक्ष्मदर्शक व अनुभवी तंत्रज्ञ नसतील तेथे, तसेच एकाच वेळी अनेकांना जुलाब सुरू झाल्यास त्या विशेष उपयोगी पडतात.

त्यांच्या मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. पट्टी ज्या परजीवीसाठी बनविली असेल, तेवढाच ती ओळखते. जंत, अंकुशकृमी व चाबूककृमी यांच्या नेहमीच्या निदानासाठी अशा पट्ट्या प्रचारात नाहीत. त्यांच्यासाठी सूक्ष्मदर्शकच वापरावा लागतो. अमीबासाठीच्या अनेक पट्ट्यांना ताजी वा गोठविलेली विष्ठा लागते. फॉर्मॅलिनातील नमुना त्यांना चालत नाही. परजीवीच्या जनुकीय द्रव्याचे प्रवर्धन करणारी पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया सर्वांत संवेदनशील आहे. परंतु तिला यंत्रे, प्रशिक्षण व खर्च यांची आवश्यकता असते.

अमीबाच्या निदानातील घोटाळा : ‘अमीबा झाला आहे’ हे शब्द महाराष्ट्रातील घराघरांत परिचयाचे आहेत, परंतु विष्ठेत दिसणारी चार केंद्रकांची प्रत्येक पुटी रोगकारक असतेच असे नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रंप्ट यांनी १९२५ मध्येच एंटअमीबा डिस्पार ही हुबेहूब तशीच दिसणारी, परंतु निरुपद्रवी जाती असल्याचे प्रतिपादन केले होते. ते फार काळ मान्य झाले नाही. एंझाइमे व जनुके यांच्या अभ्यासानंतर १९९३ मध्ये डायमंड व क्लार्क यांनी दोन्ही जाती भिन्न असल्याचे प्रस्थापित केले. मोश्कोव्हस्काय ही तशीच दिसणारी तिसरी जातीही मानवी विष्ठेत आढळते. १९९७ मध्ये मेक्सिको सिटी येथे भरलेल्या तज्ञांच्या बैठकीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने अशी शिफारस केली की, केवळ पुटी दिसल्यास अहवालात ‘हिस्टॉलिटिका/डिस्पार’ असे दोन्ही उल्लेख करावेत व लक्षणे नसलेल्या व्यक्तीस तेवढ्यावरून औषध देऊ नये. तांबड्या रक्तपेशी गिळलेला सक्रिय अमीबा दिसल्यास मात्र हिस्टॉलिटिकाचा संशय बळावतो. हिस्टॉलिटिकासाठीच खास बनविलेली प्रतिजन-परीक्षा येथे उपयोगी पडते; काही परीक्षा दोन्ही जातींना सारखाच प्रतिसाद देतात, त्यांचा या कामी उपयोग नाही.

उलट दिशेनेही चूक घडते. विष्ठेतील पूयपेशी व महाभक्षी पेशी यांना अमीबा समजल्यास जंतुजन्य आमांशाच्या रोग्याला अमीबावरील औषध मिळते व योग्य उपचारास विलंब होतो. परागकण, वनस्पतींचे तंतू, स्टार्चचे कण व यीस्टच्या पेशी यांचीही परजीवींशी गल्लत होते [⟶ आमांश].

महाराष्ट्रातील संदर्भ : योग्य नमुन्याचे महत्त्व रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९५२ मध्ये गाडगीळ व शाह यांनी तेथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिस या रोगाचे केंद्र असल्याचे दाखवून दिले. शिस्टोसोमा हाही कृमीच. परंतु या प्रकारात त्याची अंडी मूत्रावाटे बाहेर पडतात. अशा रोग्याची केवळ विष्ठा तपासली असती, तर रोगाचे कारण बहुधा अज्ञातच राहिले असते.

शहरी वस्तीतील प्रश्न वेगळे असतात. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील ट्रॉम्बे हे त्याचे उदाहरण होय. १९५४ मध्ये येथे अणुऊर्जा संशोधनाची संस्था स्थापन झाली व १९६७ पासून ती भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. याच ट्रॉम्बेत कोळीवाड्याबरोबर चित्ता कॅम्पसारखी दाट वस्तीही आहे. १९७६ मध्ये जनता कॉलनीतील रहिवाशांना हलवून ती वसविण्यात आली. जेथे अनेक कुटुंबे सामायिक शौचालये वापरतात आणि पाणी साठवून ठेवावे लागते, अशा कोणत्याही वस्तीत जिआर्डिया व अमीबा यांच्या पुटी पाणी, अन्न व हात यांच्यावाटे सहज पसरू शकतात. त्यामुळे उपचाराने बऱ्या झालेल्या मुलास पुन्हा संसर्ग होतो व ‘औषध लागू पडले नाही’ असा समज होतो. पुन्हा विष्ठापरीक्षा केल्याशिवाय औषध निष्फळ ठरले की दुखणे अन्य कारणाचे आहे, हे ठरविता येत नाही. आणि परजीवी पुन्हा आढळल्यास पाणी व शौचालय यांचीही चौकशी करावी लागते.

अशा वस्तीजवळील लहान प्रयोगशाळेस पुढील क्रम सोयीचा ठरतो : प्रथम ताज्या नमुन्याची लवण-द्राव व आयोडीन परीक्षा, तीत काही न आढळल्यास संहतीकरण, जुलाब दीर्घकाळ चालू असल्यास किंवा रोगी लहान मूल असल्यास जिआर्डिया व क्रिप्टोस्पोरिडियम यांची शीघ्र परीक्षा, आणि अमीबाच्या पुटी दिसल्यास शक्य तेथे जातिनिश्चिती. साधा सूक्ष्मदर्शक, मीठ व आयोडीन यांवर यांतील बरेचसे काम भागते.

विष्ठेबरोबर बाहेर पडलेल्या अंड्यांचा प्रश्न गटारातही संपत नाही. जंताची अंडी अत्यंत चिवट असून सांडपाण्याच्या गाळात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. असा गाळ शेतात खत म्हणून वापरल्यास ती भाजीपाल्यावाटे पुन्हा माणसाच्या पोटात जातात. कोबाल्ट–६० च्या गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक करण्याचे तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले असून त्यावर आधारलेले संयंत्र १९९२ मध्ये वडोदरा येथे सुरू झाले.

निष्कर्षांचा उपयोग : फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या कार्यक्रमान्वये १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडॅझोल हे औषध देण्यात येते. ते देण्यापूर्वी प्रत्येक मुलाची परीक्षा करीत नाहीत, कारण परीक्षेपेक्षा औषध स्वस्त व सुरक्षित आहे. परंतु ते वर्षातून किती वेळा द्यावे, हे नमुना-सर्वेक्षणातील विष्ठापरीक्षांवरूनच ठरते. वीस टक्के वा अधिक मुलांत मातीवाटे पसरणारे कृमी आढळल्यास वर्षातून एकदा व पन्नास टक्के वा अधिक मुलांत आढळल्यास दोनदा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. अल्बेंडॅझोलाच्या एका मात्रेचा चाबूककृमीवर फारसा परिणाम होत नाही आणि अमीबावर तिचा उपयोग होत नाही. म्हणून जंताचे औषध घेतलेल्या मुलासही जुलाब, रक्तक्षय वा वजनातील घट चालू राहिल्यास विष्ठापरीक्षा आवश्यक ठरते.

अहवालात नमुन्यांची संख्या, वापरलेली पद्धत, परजीवीची जाती व अवस्था आणि शक्य तेथे अंड्यांची संख्या यांची नोंद असावी. ‘आढळले नाहीत’ या निष्कर्षाचा अर्थ तपासलेल्या नमुन्यात, वापरलेल्या पद्धतीने आढळले नाहीत, एवढाच घ्यावयाचा असतो. नमुने हाताळताना तंत्रज्ञाने हातमोजे वापरणे व काम संपताच हात साबणाने धुणे अत्यावश्यक असते. कारण डुकराच्या मांसावाटे येणाऱ्या पट्टकृमीची अंडी व प्रजीवांच्या बहुतेक पुटी ताज्या विष्ठेतही संसर्गक्षम असतात. पट्टकृमीची ही अंडी पोटात गेल्यास त्यांच्यापासून मेंदूत कोष्ठ निर्माण होऊन झटके येण्याचा संभव असतो.